शासकीय सेवक कोण?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. कारखाना सरकारी मालकीचा. मग तेथील कर्मचारी शासकीय सेवक ठरतो काय? प्रश्न केवळ नावाचा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३११ अन्वये मुलकी पद धारण करणाऱ्यास, काही अपवाद सोडता, चौकशीवाचून बडतर्फ करता येत नाही. भिलाई जिच्या अखत्यारीत होती, ती हिंदुस्थान स्टील ही स्वतंत्र कंपनी असल्याने तिच्या नोकरांना हे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ठरविले. मात्र १९८० मध्ये भारत पेट्रोलियमच्या प्रकरणात शासकीय कंपनीही अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ मानली गेली. सारांश, असा कर्मचारी शासकीय सेवक नव्हे. तथापि मनमानी कारवाईविरुद्ध तो समतेच्या मूलभूत हक्काचा आश्रय घेऊ शकतो.