खड्डे कुठे थांबले ते बघ

चि. रोहित यास,


तुझा फोन झाल्या झाल्या दादाचा मला फोन. ‘पोरगं मेलबर्नला जाऊन सोनं शोधायला लागलंय, तूच काहीतरी सांग त्याला.’ मी म्हटलं, शनिवार-रविवार मॉलमध्ये घालवण्यापेक्षा बरंय की. तेव्हा हे पत्र तुला अडवायला नाही. पण डिटेक्टरवर एवढे पैसे ओतलेस आणि नकाशा एकदाही उघडला नाहीस, हे मात्र खटकलं. व्हिक्टोरियाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ‘जिओविक’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. आधी ते बघ, मग बॅटरी चार्ज कर.

तू मोलियागुलच्या गोष्टी सांगत होतास. खऱ्या आहेत त्या. 1869 मध्ये तिथे झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली जेमतेम दोन बोटांवर ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा सोन्याचा गोळा सापडला. त्यातून 70 किलोंहून जास्त सोनं निघालं. 1980 मध्ये किंगोवरजवळ डिटेक्टरवाल्याला 27 किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ मिळाला. पण ही दोन्ही ठिकाणं जाड सोन्याच्या पट्ट्यातली. बेंडिगोच्या पूर्वेला, गाडीने अर्ध्या तासावर फोस्टरव्हिल आहे. तिथलं बरंचसं सोनं पायराइट आणि आर्सेनोपायराइटच्या कणांत दडलेलं, डोळ्यांनाही न दिसणारं. अशा दगडावरून तुझं यंत्र फिरलं तरी हूं की चूं करणार नाही. म्हणून कुठेही गेलास की पहिला प्रश्न हा: इथलं सोनं कोणत्या जातीचं?

आता जरा खडकांकडे वळू. बेंडिगो-कॅसलमेनचा बराचसा भाग म्हणजे सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरची वाळू आणि चिखल. पुढे बाजूने दाब येऊन त्या थरांच्या उत्तर-दक्षिण घड्या पडल्या. घडीचा माथा वाकताना थरांमध्ये फट पडते. तिथे गरम पाण्याने गार, म्हणजे क्वार्ट्झ, आणि सोनं आणून बसवलं. घोड्याच्या पाठीवर खोगीर असावं तसा आकार, आणि एका खोगिराखाली दुसरं, त्याखाली तिसरं. सोनं खोलवर विरळ होत जातं असं मर्चिसनसारखा मोठा भूवैज्ञानिक छातीठोकपणे सांगत होता. बेंडिगोकरांनी 1,400 मीटरपर्यंत उतरून त्याचं म्हणणं खोटं पाडलं.

तुला एवढं खोल जायचं नाही, पण त्या उत्तर-दक्षिण दिशेचा तुला रोज उपयोग आहे. ओढ्यात उतरलास की पात्रातली उघडी स्लेट बघ. थर जवळजवळ उभे असतात. ओढा पूर्व-पश्चिम वाहत असेल तर तो या उभ्या थरांना आडवा कापतो. कठीण थरांच्या कडा वर राहतात, मऊ थर झिजून मध्ये खाचा पडतात आणि जड सोनं त्या खाचांत अडकतं. तोच ओढा थरांच्या दिशेने वाहत असेल तर अडवायला काही नसतं, सोनं पुढे सरकत जातं. खाचेतली माती सुरीने, अगदी तळापर्यंत खरवडून काढ आणि परातीत धू. वरची वाळू धुण्यात दुपार घालवू नकोस.

सोनं शोधणाऱ्यांच्या जुन्या खड्ड्यांशेजारचे मातीचे ढीग लोक ओलांडून जातात. मला विचारशील तर खरी माहिती तिथेच असते. खड्ड्यातून शेवटी निघालेली बादली ढिगाच्या वर पडलेली असते. वर पांढरी चिकणमाती आणि स्लेटचे तुकडे दिसले तर खणणारा तळाला पोचला होता. वर नुसतेच गोटे असतील तर तो आधीच थांबला. पाणी लागलं असेल, किंवा शेजारच्या ओढ्यात सोनं निघाल्याची आवई उठली असेल आणि सगळे तिकडे पळाले असतील. मग खड्ड्यांची रांग कुठे संपते ते चालत जाऊन बघ. रांग चढावर जाऊन एका जागी तुटत असेल, तर गारेची शीर तिथेच आसपास असण्याचा संभव आहे. त्या शिरेच्या उतारावर, खड्ड्यांच्या मधल्या न उकरलेल्या पट्ट्यांत डिटेक्टर सावकाश फिरव. तांबडे लोहखडे खोटे आवाज करतील, त्याची सवय होते.

दोन ठिकाणी तुझा अंदाज हमखास चुकेल. बेंडिगोच्या व्हाइट हिल्सवर नदीचे गोटे टेकडीच्या माथ्यावर दिसतील. ते प्राचीन नदीचं पात्रच आहे. गोटे सिमेंटसारखे घट्ट झाले म्हणून टिकले, आजूबाजूची जमीन झिजून खाली गेली. बॅलराटला याच्या उलट. तिथे जुन्या सोनेरी नद्यांवर लाव्हा पसरला आणि त्या बेसाल्टखाली गाडल्या गेल्या. तू सह्याद्रीत काळ्या दगडावरच वाढलास, तो तुला ओळखीचा वाटेल. ती ओळख तिथे कामाची नाही. त्या नद्यांपर्यंत खाणवाले विहिरी खणून पोचले, तुझं यंत्र पोचणार नाही. बेसाल्टच्या कडेकडेने, जिथे त्याखालचा जुना खडक उघडा पडतो, तिथे फिर.

धुऊन टाकलेली माती हा वेगळा विषय. घोडा जुंपून माती कालवायचे गोल हौद होते, त्यांचे चर अजून रानात दिसतात. चिकट मातीचे गोळे नीट फुटायचे नाहीत, त्यांतून सोनं निसटायचं. मागून चिनी खाणकामगारांनी अशी टाकलेली माती पुन्हा धुऊन पोट भरलं. आपल्याकडचे झारेकरी सराफाच्या दुकानाबाहेरचा केर धुतात, त्याच जातीची चिकाटी. मात्र दगड कुटून उरलेल्या करड्या रेतीच्या ढिगांपासून लांब राहा. त्यात आर्सेनिक असतं. तिथे बसून डबा उघडू नकोस आणि घरी आल्यावर बूट बाहेरच ठेव.

‘मायनर्स राइट’ काढला आहेस ना? खाणकामगारांच्या युरेका बंडानंतर 1855 मध्ये आलेला हा परवाना आजही लागतो. हाताची अवजारंच वापरायची, खणलेलं बुजवायचं, मूळ रहिवाशांच्या जागांना हात लावायचा नाही, आणि राष्ट्रीय उद्यानांत शोध घ्यायचा तर त्या भागाला परवानगी आहे का ते आधी बघायचं. गवतात झाकलेल्या जुन्या विहिरी फार आहेत. मागे सरकताना डिटेक्टरकडे नाही, पायाखाली बघ. एकटा जाऊ नकोस, आणि गेलासच तर कुठे जातोस ते घरी सांगून जा.

या रविवारी टारनागुलाला जाणार म्हणालास. यंत्र गाडीतच राहू दे. वही-पेन्सिल आणि होकायंत्र घेऊन एका ओढ्याचा आराखडा काढ: खड्डे, ढिगांवरची माती, स्लेटची दिशा, गार कुठे दिसली. उत्तरेचा बाण काढायला विसरू नकोस. फोटो काढून मला पाठव, मग कुठे उकरायचं ते बोलू.

तुझी,
आत्या