दोष जिभेचा नाही

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून 'प-प-पाणी' असं अडखळतो. सासूबाई जिभेला वेखंड लावतात. भीतीमुळे होतं का? – एक आई, सातारा

उत्तर : नाही, ताई. तोतरेपणाचं मूळ जिभेत नसतं, भित्रेपणातही नसतं. मेंदूत बोलण्याची जुळणी होताना अडथळा येतो. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. वेखंडानं जीभ तेवढी चुरचुरेल.

लहानपणीचं अडखळणं पुष्कळदा आपोआप थांबतं. पण दोन वर्षं उलटली, आता वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवाच. जिल्ह्यात सोय नसेल, तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.

घरी 'सावकाश बोल' म्हणू नका. वाक्य त्यालाच पुरं करू द्या. हजेरीला 'हजर'मधला 'ह' अडला, तर बाईंनी क्षणभर थांबावं, एवढं त्यांना सांगा. हृतिक रोशनही लहानपणी अडखळत असे, हे मुलाला जरूर सांगा.