आधी गूळ, मग बर्फ

सातारा

चि. सई हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

दादाने तुझ्या प्रयोगवहीचा फोटो पाठवला. प्रत्येक पदार्थाचे तीन चमचे, अर्धा कप पाणी. मीठ पाऊण मिनिटात, साखर दोन मिनिटांत विरघळली. खाण्याचा सोडा मात्र दहा मिनिटं ढवळूनही तळाशी राहिला. त्याखाली तुझा ठसठशीत निष्कर्ष : मीठ सर्वांत लवकर, सोडा सर्वांत हळू. वेळा अगदी नीट लिहिल्यास, पण निष्कर्षाची घाई केलीस.

आधी सोड्याचं बघू. साध्या पाण्याच्या १०० ग्रॅममध्ये सोडा जेमतेम १० ग्रॅम मावतो, मीठ ३६ आणि साखर तब्बल २०० ग्रॅम. तुझा तीन चमचे सोडा त्या पाण्याला जास्तच झाला. तो हळू विरघळत नव्हता, पाण्यात जागाच उरली नव्हती. किती विरघळतं आणि किती लवकर विरघळतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते तू एकाच रकान्यात कोंबलेस.

आता मीठ. वहिनीच्या डब्यातलं मीठ रव्यासारखं बारीक, साखर मात्र जाड दाण्याची. विरघळणं सुरू होतं ते दाण्याच्या पृष्ठभागावर. आतल्या साखरेला पाणी शिवतही नाही. एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा घे, त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक मिलिमीटरचे हजार तुकडे केलेस तर तोच ६० होतो. म्हणजे तू मीठ आणि साखर यांची शर्यत लावलीस असं तुला वाटलं, धावले मात्र बारीक आणि जाड दाणे. साखर खलबत्त्यात कूट, मीठ आणि साखर एकाच चाळणीतून चाळ आणि मग घड्याळ लाव. (दुकानातली पिठीसाखर नको. तिच्यात कधी कधी कॉर्नफ्लोअर असतं, आणि पाण्यात पडली की तिच्या गुठळ्या होतात.)

हे मला पुस्तकाने नाही, पन्ह्याने शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात हळदीकुंकवाला बायका दारात आल्या आणि मी गडबडीत पातेल्यात आधी बर्फ टाकला, मग गुळाचे खडे. पहिल्या पेल्यांना तोंडं वेडीवाकडी झाली, शेवटच्यांना काकवी मिळाली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गूळ चिरायचा असतो गं." बर्फाचं त्या बोलल्या नाहीत, पण निम्मा दोष त्याचाच. गार पाण्याचे कण संथ असतात, ते गुळाला उशिरा सोडवतात. गरम पाण्यात मीठही लवकर विरघळतं, पण मावतं फारसं जास्त नाही, उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमच. साखर मात्र उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या वर जाते. 

राहिलं ढवळणं. त्यासाठी एक गंमत करून बघ. दोऱ्याच्या खडीसाखरेचे दोन सारखे खडे आण. एक ग्लासाच्या तळाशी ठेव, दुसरा दोऱ्याने पेन्सिलीला बांधून दुसऱ्या ग्लासात पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळता सोड. चमचा लावू नकोस. ग्लास खिडकीच्या उजेडात धर. लोंबत्या खड्याखालून काचेसारख्या लहरी खाली उतरताना दिसतील. तो जड पाक. तो खाली गेला की खड्याला नवं पाणी मिळतं. तळाशी पडलेला खडा मात्र स्वतःच्याच पाकाच्या दुलईत गुरफटून बसतो. चमच्याने आपण ती दुलई काढतो, बाकी काही नाही.

वहीतला जुना निष्कर्ष खोडू नकोस. त्याखाली आजची तारीख घालून नवा लिही. बाई काही म्हणाल्या तर चाळणी दाखव. आणि दोन्ही खड्यांना किती वेळ लागला ते मला रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आत्या