पनामाची नोकरी आणि टुरिस्ट व्हिसा

प्रश्न : मी बदलापूरचा, बी.कॉम. उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याचे नातेवाईक पनामात कोलोनला हिशेबाच्या कामाला बोलावतायत. म्हणतात, टुरिस्ट व्हिसावर या, परमिट इथे काढू. जाऊ का?

उत्तर : बोलावणं खरं असू शकतं. कोलोनचा मुक्त व्यापार विभाग १९४८ चा, आणि तिथे सिंधी व्यापारी जुने आहेत. पण टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही. तिथल्या कायद्याने साधारणपणे दहा टक्क्यांहून जास्त परदेशी नोकर ठेवता येत नाहीत. म्हणून आधी विचारा, दुकानात पनामाची माणसं किती? चौघंच असतील तर तुमचं परमिट कोणत्या तरतुदीत बसतं, ते लेखी मागा. आखातासारखं इमिग्रेशन क्लिअरन्स पनामाला लागत नाही; म्हणजे तुमचे कागद तपासणारं इथलं सरकारी टेबलही मध्ये नाही. ती तपासणी तुम्हालाच करायची आहे. करार स्पॅनिशमध्ये येईल, भाषांतर हातात आल्याशिवाय सही नको.

आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. परतताना ते नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.