कृतीच्या आधीची कृती

मी देवगडचा. म्हणजे मासे खाण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण शिजवायच्या बाबतीत सेकंड इयरपर्यंत आपला अनुभव शून्य! घरी काम एकच, ताट वाढलं की पाटावर बसायचं. पुण्यात येऊन दीड वर्ष मेसची बटाट्याची भाजी खाल्ल्यावर मात्र एका रविवारी (रविवारी रात्री मेस बंद असते) ठरवलं, आज बांगड्याचं तिखलं करायचंच.

आधी आईला फोन लावला. खोबरं किती? "लागात तेवढा." सोलं किती? "आंबटपणा बघून घाल." आणि मासा किती वेळ शिजवू? "शिजेपर्यंत!" आता मेकॅनिकलच्या पोराला असली स्पेसिफिकेशन्स कशी चालणार? म्हणून मोबाईलवर व्हिडिओ शोधला. तिथे सगळं कसं मोजून दिलेलं: अर्धा किलो बांगडे, एक वाटी ओलं खोबरं, आठ ब्याडगी मिरच्या, धणे, हळद, सहा तिरफळं, पाच सोलं, पंधरा मिनिटं. मी खूष. ते पाहून आई म्हणाली, "घड्याळाक काय कळता?" मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पहिल्या खेपेला वाटण आणि बांगडे एकदमच टोपात टाकले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं उकळले, वर डावाने ढवळले. झाकण काढलं तर काटे एकीकडे, मासा दुसरीकडे! चूक समजायला नंतर थोडं वाचावं लागलं. मटणात स्नायू बांधून ठेवणारं कोलॅजन भरपूर आणि चिवट असतं, ते मऊ व्हायला वेळ द्यावा लागतो. माशात ते कमी असतं आणि बऱ्याच कमी तापमानाला विरघळतं. म्हणून मासा झटकन शिजतो आणि पुढे शिजवत बसलात तर पापुद्रे सुटे होतात. आता मी वाटणाला आधी चांगली उकळी आणतो, मीठ, सोलं आणि जरा ठेचलेली तिरफळं घालतो, आणि बांगड्याचे तुकडे सगळ्यांत शेवटी. पाच-सात मिनिटं पुरतात. डाव घालायचा नाही, टोप दोन्ही बाजूंनी धरून हलवायचा. मांस पांढरं, अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटलं की गॅस बंद. आईचं 'शिजेपर्यंत' ते हेच.

पण ही चूक म्हणजे काहीच नाही. खरी गोष्ट दुसऱ्या खेपेची.

एप्रिल महिना होता. सकाळी साडेनऊला गणेश पेठेतून बांगडे आणले, पिशवी गाडीच्या हँडलला टांगून. साफ करून मीठ-हळद लावली. व्हिडिओत 'अर्धा तास मुरू द्या' असं होतं. मी म्हटलं अर्ध्या तासात जर मुरतं तर दिवसभरात किती छान मुरेल! रूमवर फ्रीज नव्हता. ताटली झाकून ओट्यावर ठेवली आणि आम्ही सबमिशनची जर्नलं पूर्ण करायला गेलो. रात्री आठला तिखलं केलं. वास ठीक होता, चवीला जिभेवर जरा झणझणल्यासारखं वाटलं, ते मी तिरफळावर ढकललं. माझा पार्टनर लातूरचा. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचा मासा खात होता. बिचारा माझ्या आग्रहाखातर दोन तुकडे जास्त जेवला.

अर्ध्या तासात त्याचा चेहरा लालबुंद. अंगावर गांधी, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. 'मासे सोसत नाहीत याला,' असं मी म्हणणार तोच आरशात पाहिलं, तर माझीही मान लाल! मी तर जन्मापासून मासे खातोय. दोघांना एकाच वेळी ॲलर्जी कशी होईल? रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बांगडा होता का? आणि दिवसभर बाहेर होता का?" औषध दिलं, तासाभरात उतार पडला. पण त्या तासात पार्टनरच्या घरी काय सांगायचं, या विचाराने मला जो घाम फुटला तो आजही आठवतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. बांगडा, कुपा, तारली या माशांत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरमीत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत शरीर स्वतः जे सोडतं तेच हे, आपण ते बाहेरून खाल्लं होतं. उकळल्याने जिवाणू मरतात, पण तयार झालेलं हिस्टामिन जात नाही. वासावरूनही ओळखता येईलच असं नाही. मीठ-हळदीने मला वाचवलं नाही. एवढ्याशा मिठाने मासा टिकत असता तर लोक सुकवायला कशाला घालतील? (कोणाला श्वास लागला तर मात्र वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.)

तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक व्हिडिओ स्वच्छ धुतलेल्या माशाच्या ताटलीपासून सुरू होतो. त्याआधीचे तास कोणी दाखवत नाही. आईला ते सांगायची गरजच वाटली नव्हती, कारण आमच्याकडे मासा बंदरावरून तासाभरात चुलीवर जातो.

आता बाजारात मी आधी डोळे बघतो. फुगीर, चकचकीत हवेत. आत गेलेले, दुधाळ नकोत. कल्ले उघडून लाल आहेत ना ते पाहतो. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर पुढे सरकतो. कल्ले आणि पोट तिथेच काढून घेतो, जिवाणूंचं मूळ ठाणं तेच. मावशींकडून बर्फ मागून घेतो, थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, वर बर्फ. फ्रीज असेल तर चार अंशांच्या खाली आणि त्याच दिवशी शिजवायचं. मुरवायचं ते अर्धाच तास, तेही डब्यातच.

पार्टनरने पुढचे दोन महिने माशाकडे पाहिलं नाही. मीही आग्रह केला नाही. मग एका रविवारी तोच म्हणाला, चल. हल्ली थर्माकोलचा डबा तोच उचलतो, आणि मासे घेतले रे घेतले की झाकणावर पेनने वेळ लिहितो. परवाची अजून तशीच आहे: ९.४०.