जाड तारांचा हट्ट

पहिली तार तुटली तेव्हा मी ती हसण्यावारी नेली. तुरहळ्ळीच्या खडकावरून मागचं चाक खाली आपटलं, 'टण्ण' झालं. तुटलेली तार शेजारणीला गुंडाळली आणि हळूहळू बनशंकरीला घरी आलो. तिसरी तुटली तेव्हा मात्र खाली बसून नीट पाहिलं. तिन्ही डाव्या बाजूच्या, आणि तिन्ही हबच्या भोकातून वळून वर येतात त्याच कोपऱ्यात तुटलेल्या.

खापर कोणावर फोडणार? चाक बांधून घेताना "सगळ्यांत जाड तारा घाला" असं मीच बजावलं होतं. हट्ट घरातून आलेला. सांगलीला अण्णांच्या काळ्या सायकलीला पुढे 32, मागे 40 जाडजूड तारा; धान्याचं पोतं लादलं तरी चाक कुरकुरत नसे. पण ती सायकल कधी खडकावरून उडी मारत नव्हती.

चाक जमिनीला टेकतं तिथल्या तारांचा ताण क्षणभर उतरतो, चाक पुढे फिरलं की पुन्हा चढतो. सबंध 2 मिमी जाडीची तार ताणाने फारशी लांबलेली नसते, त्यामुळे रिम जराशी दबली तरी ती पार सैल पडते. सैल, ताठ, सैल, ताठ होऊन वळणावरचा धातू थकतो. मागे गिअरच्या कॅसेटला जागा द्यायची म्हणून उजव्या तारा जास्त उभ्या बसतात आणि ताणही त्यांनाच जास्त. डाव्या मुळातच ढिल्या. माझ्या चाकाला एकूण ताणही कमीच दिलेला होता.

टोकांना 2 आणि मधे 1.8 मिमी असलेली स्टेनलेस तार घ्या. बारीक मधला भाग जास्त लांबतो, वळणावरची जाडी तशीच राहते. मधे 1.5 मिमीवाली हलकी असते खरी, पण आवळताना पीळ खाते. माझ्यासारख्या 85 किलोच्या माणसाने मागच्या चाकाला ती लावू नये. निपल पितळी. डिस्क ब्रेकचा जोर हबकडून तारांवाटेच रिमपर्यंत जातो, म्हणून तारा सरळ न लावता तीनदा ओलांडून विणलेल्या हव्यात. लांबी अंदाजाने नको: माझ्या 29 इंची चाकाला उजवीकडे 292 आणि डावीकडे 294 मिमी लागल्या.

डिस्क ब्रेकचा आणखी एक घात. जुन्या ब्रेकवर रिम घासायची, चाकाला आऊट आलाय हे लगेच कळायचं. आता चाक डुगडुगलं तरी ब्रेक छान लागतो, आणि आपण बेफिकीर.

तिसऱ्या तारेनंतर एकेक बदलत बसलो नाही. उरलेल्याही तितक्याच थकलेल्या असणार. सगळ्या नव्या घातल्या, या वेळी कारागिराशेजारी उभं राहून. ताण रिमवाल्याने दिलेल्या मर्यादेच्या जवळ नेला, तारा जोडीजोडीने मुठीत दाबून बसवल्या, पुन्हा आऊट काढला.

आता रविवारी निघण्याआधी नखाने तारा छेडतो. उजव्या-डाव्यांचा सूर वेगळा लागतोच; एका बाजूच्या आपसांत जुळल्या म्हणजे झालं. परवा डावीकडची एक बेसूर निघाली. पाव फेरा आवळली आणि निघालो.