बाहेरून आणलेलं 'रेडिओ' घड्याळ आपल्याकडे कसं लावायचं



आपल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी शिपवर किंवा युरोपात कामाला आहे. सुटीवर येताना काही जण गजराचं घड्याळ घेऊन येतात. सोबत एक छोटी डबी, म्हणजे सेन्सर असतो. तो घराबाहेर लावला की बाहेरचं तापमान घड्याळावर दिसतं. वेळ रेडिओवरून आपोआप लागते, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पहाटे बोटीवर जायचा गजर यावर लावणार असाल तर आधी एवढं वाचा.

वेळ आपोआप का लागत नाही?

ही घड्याळं वेळ एका रेडिओ केंद्राकडून घेतात. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेन इथे असं केंद्र आहे. ते ७७.५ किलोहर्ट्झवर दर मिनिटाला वेळ आणि तारीख पाठवतं. त्याचा पल्ला साधारण २,००० किलोमीटर. गोवा तिथून साडेसहा हजार किलोमीटरहून लांब. म्हणजे घड्याळ बिघडलेलं नाही, सिग्नलच इथे पोचत नाही. दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

दुसरी अडचण अर्ध्या तासाची. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि बऱ्याच घड्याळांत टाइम झोन पूर्ण तासांनीच बदलतो. म्हणून वेळ हातानेच लावायची.

कसं लावायचं?

१. बहुतेक मॉडेलांत आधी सेन्सरमध्ये सेल घालायचे, मग घड्याळात. तेव्हा दोन्ही एकाच टेबलावर ठेवा. चॅनेलचं बटण असेल तर दोन्हीकडे एकच नंबर ठेवा.

२. बाहेरचं तापमान दिसेपर्यंत थांबा. मध्येच बटणं दाबू नका.

३. मनोऱ्याचं चिन्ह लुकलुकत राहील. घड्याळ सिग्नल शोधतंय, तो मिळणार नाही. रेडिओ बंद करायची सोय असेल तर बंद करा. नाहीतर रोज रात्री शोधण्यात सेल फुकट जातात.

४. वेळ २४ तासांच्या पद्धतीने लावा. म्हणजे पहाटेचे ४ आणि दुपारचे ४ (१६:००) यांत घोटाळा होत नाही. मोबाइलशी किंवा बोटीवरच्या जीपीएसशी वेळ ताडून बघा. जीपीएसवर यूटीसी लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा.

५. उन्हाळी वेळ, म्हणजे डीएसटी असेल तर ऑफ करा. ती राहिली तर घड्याळ कधीतरी एक तास पुढे जाईल आणि गजरही चुकेल.

६. पहिला गजर दिवसा लावून वाजतो का ते बघा. रेडिओशिवाय असं घड्याळ महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास मागेपुढे होऊ शकतं. दर महिन्याच्या १ तारखेला वेळ ताडून घ्या.

सेन्सर कुठे लावायचा?

ऊन पडलं तर तो हवेचं नाही, तापलेल्या डबीचं तापमान दाखवतो. उत्तरेच्या बाजूला, पागोळ्या पडणार नाहीत अशा ठिकाणी, पडवीत लावा. जांभ्याच्या जाड भिंतीतून आणि पत्र्यातून त्याचा सिग्नल कमी होतो, म्हणून खिडकीच्या जवळ बरा. खाऱ्या वाऱ्याने सेलच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. अधूनमधून उघडून कोरड्या फडक्याने पुसा. पत्रा मारलेल्या बर्फाच्या पेटीत ठेवू नका, आतून सिग्नल बाहेर येत नाही आणि बर्फाचं पाणी आत जातं.

सगळ्यात महत्त्वाचं

काही घड्याळांवर सूर्य, ढग किंवा पावसाचं चित्र येतं. ते चित्र घरातल्या आणि पडवीतल्या हवेतल्या बदलावरून घड्याळ स्वतः काढतं. दूर समुद्रात वारा किती, लाट किती, वादळ कुठे, हे त्याला कळत नाही. घड्याळावर सूर्य दिसला म्हणून बोट सोडू नका. भारतीय हवामान खातं आणि हैदराबादचं इन्कॉईस यांच्या मच्छीमारांसाठीच्या सूचना बघा, आणि धोक्याची सूचना असेल तर बोट जेटीलाच बांधून ठेवा.

घड्याळ लावायला जमत नसेल तर पुस्तिकेसकट सोसायटीच्या ऑफिसात घेऊन या. आम्ही लावून देऊ.